कुंडलच्या सुभेदारांची शांतता मोहीम

सुभेदार लालासाहेबांचा आवाज मोठा आहे हे कुंडलमध्ये कुणाला सांगावं लागत नसे. ते ऐकूच येई.

पलटणीत ते नव्या रंगरुटांना कवायत शिकवायचे. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पोराचा चुकलेला पाय ते नुसत्या आवाजानं जाग्यावर आणत. पेन्शनीवर आल्यावर पलटण मागं राहिली आणि आवाज तेवढा ट्रंकेबरोबर घरी आला. जत्रेतल्या कुस्ती मैदानात माईक बंद पडला की पंच त्यांच्याकडं बघत, आणि लालासाहेब मिशीवरनं बोट फिरवत, अगदी नाइलाज झाल्यासारखे उभे राहत. माईक बंद पडावा म्हणून ते सकाळपासून देव पाण्यात घालून बसलेले असत, ही गोष्ट वेगळी. एका वर्षी त्यांनी वायरीवर पाय दिला असंही गावात बोललं जातं. ते नाकारत नाहीत.

राणी ही त्यांची नात. मुलगा ऋषिराज फौजेत, पार वर बर्फात. सून संयोगिता आणि सात वर्षांची राणी कुंडलला. राणी बोलत नव्हती. हाक मारली तर वळून बघत नव्हती, आणि आवाज झाला की मधल्या खोलीतल्या लोखंडी खाटेखाली जाऊन बसायची. सोबतीला एक जुनं सूप. त्या सुपाच्या बेळांवरनं, म्हणजे बांबूच्या पट्ट्यांवरनं, ती नख ओढायची, खर्र, खर्र, आणि कान लावून ऐकायची. सांगलीच्या डॉक्टरांनी तिला ऑटिझम आहे, मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात, असं सांगितलं तेव्हा लालासाहेब म्हणाले होते, "स्वमग्न तर आमचं कर्नलसायबबी हुतं. त्यांस्नी कुनी डाक्टरकडं नेलं न्हाई." त्यावर कुणी हसलं नाही. लालासाहेबांना वाटलं, यांना विनोद कळला नाही.

आवाज फारच झाला, खाटेखालीही पोचला, की राणी बाहेर यायची. संयोगिताचे नाहीतर आजीचे, म्हणजे शालूबाईंचे, दोन्ही हात धरायची आणि आपल्या कानांवर नेऊन ठेवायची. माझे पुरत नाहीत, तुमचे द्या, असं. मग डोळे मिटून आवाज संपेपर्यंत तशीच उभी राहायची. लालासाहेबांचे हात घरात सगळ्यांत मोठे होते. एका हातात दोन नारळ मावत. पण त्या हातांकडं राणी कधी आली नाही. हे त्यांना लागायचं. एका दिवाळीत बाहेर फटाके वाजत असताना ते आपणहून हात पुढं करून उभे राहिले आणि म्हणाले, "ये राणी, आबाचं हात घे." राणी खाटेखाली आणखी आत सरकली. फटाक्यांचं वय झालेल्या सगळ्या पोरांना त्यांनी त्या दिवशी झापलं.

मे महिन्यात एका सकाळी संयोगितानं चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवला आणि ती तिथंच उभी राहिली.

"आबा, जूनपास्नं मी राणीला घिऊन मलकापूरला ऱ्हायला जानार हाय. आमच्या पालकांच्या गटातल्या अकिलाभाभींच्या शेजारी खोली मिळत्या. ह्यांच्याशी बोलून झालंय."

"किती दिवस?"

"आता तितंच."

लालासाहेबांनी कप खाली ठेवला. घरात दोन माणसं कमी होणार, त्यातली एक राणी, एवढंच त्यांना कळलं. "का पन? हितं काय कमी हाय?"

संयोगितानं शालूबाईंकडं बघितलं. शालूबाईंनी गॅसकडं बघितलं.

"राणीला हितला आवाज सोसत न्हाई, आबा."

"कसला आवाज?" लालासाहेब म्हणाले, आणि शेजारच्या परड्यातली म्हैस उठून उभी राहिली.

कसला ते संयोगितानं सांगितलं नाही. सासऱ्याला तोंडावर सांगायच्या काही गोष्टी असतात आणि काही नसतात, आणि ही न सांगायच्या गोष्टींतली पहिल्या नंबरची होती. शालूबाईंना ती माहीत होती, ऋषिराजला माहीत होती, दूध घालणाऱ्या बाईला माहीत होती. बहुधा म्हशीलाही. एकट्या लालासाहेबांना नव्हती, कारण ते बोलत असताना त्यांना दुसरं काही ऐकू येत नसे, आणि ते बहुतेक वेळ बोलत असत.

आवाज हा शत्रू, एवढं मात्र त्यांना समजलं. शत्रू समजला की सुभेदाराला पुढचं सांगावं लागत नाही. राणी जाऊ द्यायची नसेल तर जूनच्या आत गल्ली शांत करायची. चहा संपायच्या आत त्यांनी चपला घातल्या.

पहिला नंबर तात्याबाच्या पिठाच्या गिरणीचा. चालू गिरणीत तात्याबाला शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. लालासाहेबांनी रस्त्यावरूनच सांगितलं, "तात्याबा, दुपारची गिरण बंद ठिवायची. माझ्या नातीला आवाज सोसत न्हाई." तात्याबाला शब्द न् शब्द ऐकू आला. त्याच्या मागच्या गल्लीलाही आला. मग मंडळाच्या पोरांची डॉल्बी. मग पृथ्वीराजचा ट्रॅक्टर, ज्याच्यावर गाणी लागलेली असत आणि ट्रॅक्टरपेक्षा गाणी मोठी असत. लालासाहेब रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी 'थम'चा हुकूम सोडला. ट्रॅक्टर थांबलाच, पण इंजिनही बंद पडलं, आणि पृथ्वीराजचे दोन्ही हात आपोआप मांड्यांना चिकटले.

घरातही त्यांनी भेदभाव केला नाही. कुकर बंद, डाळ पातेल्यात. मिक्सर बंद, चटणी पाट्यावर. अशा तऱ्हेनं शांततेचा सगळा भार शालूबाईंच्या खांद्यावर आला, पण लालासाहेबांना ते दिसलं नाही, कारण ते दारात उभे राहून शांततेवर देखरेख करत होते. गल्लीत कुणाचा मोबाईल वाजला की ते तिथूनच म्हणत, "कुनाचा हाय रं त्यो? बंद कर." मोबाईल बंद व्हायचा. शांतता कुठं कमी पडते का हे बघायला ते मधूनमधून हाळी देत आणि उत्तर आलं नाही की खूश होत.

महिनाअखेर गल्ली अशी गप झाली की कोंबडासुद्धा आरवायच्या आधी इकडं तिकडं बघून घ्यायचा. लोकांनी हे सगळं सुभेदारांच्या मानासाठी केलं आणि थोडं त्यांच्या भीतीनं केलं. लालासाहेबांनी मात्र त्यातला मानच तेवढा मोजला.

आणि राणी? राणी खाटेखालीच. आधी निदान दुपारी बाहेर यायची, आता लालासाहेब मोहिमेवरून घरी आल्याची चाहूल लागली की सूप घेऊन आत. त्यांना कोडं पडलं. ते खाटेजवळ खाली वाकले तेव्हा त्यांचे गुडघे कटकन वाजले, आणि एक क्षण त्यांना वाटलं, हे तर नसंल? दोन दिवस त्यांनी गुडघ्यांना तेल चोळून घेतलं. म्हणजे बघा. आवाज शोधत माणूस स्वतःपर्यंत येऊन पोचला होता, आणि गुडघ्यांपाशी थांबून परत फिरला.

"रविवारच्या मीटिंगला मीबी येतो," त्यांनी सुनेला सांगितलं. "त्या अकिलाबाईंस्नीच इचारतो, कसला आवाज ऱ्हायला म्हनून."

संयोगिताच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते आनंदाचं नव्हतं. पण ती म्हणाली, "चला की. आत्याबाई, तुमीबी चला."

मलकापूरच्या त्या पालकांच्या गटाला ते नुसतं 'सोबत' म्हणत. लालासाहेबांनी आजवर त्याची टिंगलच केली होती. घरातली अडचण कराडकडच्या लोकांत जाऊन सांगायची आणि चहा पिऊन यायचं, यानं कुणाचं पोर बोलायला लागलंय, असं त्यांचं मत. राणीचा दिव्यांगत्वाचा दाखला काढायला संयोगिताबरोबर सांगलीला दिवसभर कोण बसलं होतं, हे त्यांनी विचारलं नव्हतं. पहिल्या शाळेनं 'असं मूल आमच्याकडं जमणार नाही' म्हटल्यावर अकिला आणि आणखी दोघी आया हेडमास्तरांच्या पुढ्यात कायद्याचा कागद ठेवून, अगदी गोड बोलत, संध्याकाळपर्यंत उठल्या नव्हत्या, हेही त्यांच्या कानावरून गेलं होतं. अकिलाचा मुलगा अजहर असाच. तो आता वीस-बावीसचा होता आणि बापाच्या हाताखाली गाद्या शिवायचा. तो लहान असताना तिला विचारायला कुणी नव्हतं, म्हणून तिनं इतरांसाठी दार उघडलं.

ते दार म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, नईमच्या, गाद्यांच्या गोदामाचं. चारी भिंतींना कापसाचे गठ्ठे छतापर्यंत लावलेले. तिथं आवाज घुमतच नाही, कापूस पिऊन टाकतो. म्हणून मीटिंग तिथं. एरवी चार माणसांत न थांबणारी पोरं तिथं गठ्ठ्यांवर लोळत पडत.

लालासाहेब दारातून आत आले आणि म्हणाले, "रामराम मंडळी."

कापसानं जमेल तेवढं प्यायलं. उरलेल्यावर तीन पोरांनी कान झाकले, एक रडायला लागलं, आणि अजहर हातातली कात्री खाली ठेवून शांतपणे मागच्या दारानं बाहेर गेला. तो आपल्यासाठी चहा सांगायला गेला असं लालासाहेबांनी धरलं. पोरगा अदबशीर आहे, असंही ते शालूबाईंना म्हणाले.

नईमनं राणीसकट सगळ्या पोरांना मागच्या अंगणात नेलं. मोठी माणसं गाद्यांवर गोल बसली, आणि लालासाहेबांनी मोहिमेचा अहवाल दिला: गिरण, डॉल्बी, ट्रॅक्टर, कुकर. सगळे मन लावून ऐकत होते. मेढ्याहून आलेले बाळासो मास्तर, ज्यांची दोन्ही मुलं गटात होती, छताच्या पंख्याकडं बघत होते. कुणी हसलं नाही. यांना माणसाची कदर आहे, असं लालासाहेबांना वाटलं.

"तर आता ऱ्हायलाय कसला आवाज, त्येवढं सांगा," ते शेवटी म्हणाले.

अकिला म्हणाली, "आबा, आज तुमच्या घराची अदलाबदल करूया."

अदलाबदल ही त्या गटाची जुनी पद्धत. एक घर मध्ये घ्यायचं. घरातल्या प्रत्येकानं दुसऱ्या कुणाचं तरी सोंग घ्यायचं आणि रोजची सकाळ करून दाखवायची. घरात जो वडीलधारा असेल त्यानं पोराच्या जागी बसायचं, आणि पोर जिथं बसतं तिथंच बसायचं. "आन् एक नेम हाय," अकिला म्हणाली. "नंतर कुनी कुनाला समजावून सांगायचं न्हाई. च्या प्यायचा आन् घरी जायचं."

हे सगळं आधी ठरवून केलं होतं का, असं लालासाहेबांनी पुढं पुष्कळदा विचारलं. संयोगिता नाही म्हणते. नईम नुसता हसतो.

लालासाहेबांना सोंगाची हौस होतीच. पलटणीतल्या नाटकात ते राजा व्हायचे. आज राणी व्हायचं, एवढाच फरक, असं ते म्हणाले. गाद्या शिवायची मोठी लाकडी फळी होती, बुटक्या पायांची, तिच्याखाली त्यांना शिरायचं होतं. अर्धे ते स्वतः शिरले. उरलेले बाळासो मास्तरांनी ढकलले. सुपाऐवजी एक कंगवा हातात दिला. मिशीला कापूस चिकटला आणि शिंक आली, आणि ती कशीबशी त्यांनी गिळली.

खेळ सुरू झाला. संयोगिता शालूबाई झाली. बाळासो मास्तर कुकर झाले आणि त्यांनी मनापासून शिट्टी दिली.

"आमच्यात कुकर बंद हाय," फळीखालून सुभेदारांनी दुरुस्ती केली.

"राणी बोलत न्हाई, आबा," अकिला म्हणाली.

लालासाहेब गप्प झाले. खरंच की. राणीला कुकर नको असता तरी ते सांगायची सोय नव्हती.

"आन् आबा कोन?" कुणीतरी विचारलं. मग फळीखालून दिसणारे दोन पाय उठले. त्या टाचांच्या भेगा लालासाहेबांच्या ओळखीच्या होत्या.

"म्या हुते," शालूबाई म्हणाल्या.

शालूबाईंचा आवाज शेजारच्या घरातही कुणी कधी ऐकला नव्हता. लग्नात उखाणा घेतला तो पहिल्या ओळीपलीकडं पोचला नव्हता म्हणतात. त्यांनी पदर कमरेला खोचला, नसलेल्या मिशीवरून बोट फिरवलं आणि छाती भरून घेतली.

"अगं ए. च्या कुठाय?"

बाहेरून कुणी दुसरंच माणूस आलं असं लालासाहेबांना आधी वाटलं. फळी थरथरली. मग एका पाठोपाठ एक सुरू झालं. "चप्पल कुनी हलीवली माझी? पेपर कुठाय? कोन हाय रं त्यो गल्लीत?" मग फोन. शालूबाईंनी मूठ कानाला लावली. "हॅलो. ऋषिराज. हितं पाऊस न्हाई. पाऊस. तितं बरफ हाय का? बरफ." मधे फोन नसता तरी ते बर्फापर्यंत पोचलं असतं. लोक हसून हसून गाद्यांवर आडवे झाले. संयोगितानं तोंडात ओढणी कोंबली होती. सगळ्यांत जास्त हसत होते ते लालासाहेब स्वतः. बायको चाळीस वर्षं गप्प बसून अभ्यास करत होती म्हणायची, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना तिचा अभिमानसुद्धा वाटला.

मग ते पाय फळीकडं यायला लागले.

फळीखालून फक्त पाय दिसतात. तोंड दिसत नाही. माणूस हसतोय की रागावलाय, हातात काठी आहे की खाऊचा पुडा, काही दिसत नाही. पाय जवळ येतात आणि वरून आवाज कोसळतो.

"माझी राणी कुठाय? आबाची राणी कुठाय गं? बग, आबानं काय आणलंय!"

हे वाक्य लालासाहेबांचं होतं. रोजचं. बाजारातून येताना जिलेबी घेऊन यायचं आणि दारातूनच हे म्हणायचं. अख्ख्या दिवसात त्यांच्या तोंडून निघणारं सगळ्यांत मायेचं वाक्य ते हेच होतं. शालूबाईंनी त्यातली माया जराही कमी केली नव्हती. आवाजही जराही कमी केला नव्हता.

लालासाहेबांचे दोन्ही हात आपोआप कानांवर गेले. आणि ते पुरले नाहीत.

हसू केव्हा थांबलं ते त्यांना कळलं नाही. कान झाकलेलेच होते. फळीच्या खालच्या बाजूला कुणीतरी खिळे ठोकून वाकवलेले होते, ते त्यांना दिसत होते. ते पाय अजून समोर होते, आणि त्यांची बोटं आत वळली होती.

"च्या घिऊया," अकिला म्हणाली.

नेमाप्रमाणं कुणी काही समजावून सांगितलं नाही. लालासाहेब बराच वेळ फळीखालीच राहिले. अडकलोय, असं ते म्हणाले, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

परतीच्या एसटीत त्यांनी तिकिटं इतक्या हळू मागितली की कंडक्टरला तीनदा विचारावं लागलं. पुढच्या सीटवर राणी आईच्या मांडीवर झोपली होती. शालूबाई बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "रागावलासा?"

"न्हाई."

"मग आवाज का बसलाय?"

"बसलाय न्हाई. बसवलाय." मग ते म्हणाले, "इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"बोलले की. तुमी बोलत हुता तवा."

लालासाहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर ऊस होता आणि नंतरही ऊसच होता. सगळ्या गावाचे आवाज बंद करत हिंडणारा एक मिशीवाला माणूस त्यांच्या डोळ्यापुढून जाईना. तो माणूस इतका हास्यास्पद होता की तो दुसरा कुणी असता तर त्यांनी ही गोष्ट कट्ट्यावर रंगवून सांगितली असती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीत फिरून गिरण, डॉल्बी आणि ट्रॅक्टर यांच्यावरची बंदी उठवली. इतकं हळू सांगितलं की तात्याबानं त्यांना खुर्ची दिली आणि पाणी आणलं. संध्याकाळपर्यंत सुभेदारांची तब्येत बरी नाही अशी बातमी गावभर झाली. दोघं जण बघायला आले. एकानं नारळपाणी आणलं.

हळू बोलणं कुठल्याही पलटणीत शिकवत नाहीत. लालासाहेबांना ते या वयात शिकावं लागलं आणि रंगरूट म्हणून ते अगदी ढ निघाले. पहिली अडचण चहाची. हळू आवाजात मागितलेला चहा स्वयंपाकघरात ऐकूच जात नाही. म्हणजे उठायचं, मधल्या खोलीतून जायचं आणि शालूबाईंच्या शेजारी उभं राहून मागायचा. पहिल्या दिवशी ते तसे जाऊन उभे राहिले तेव्हा शालूबाई दचकल्या. "काय पायजे?" "च्या." "त्येवढ्यासाठनं आलासा?" मग त्यांनी पाट सरकवला, आणि दोघं तिथंच चहा प्यायले. स्वयंपाकघराला मागच्या बाजूला खिडकी आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. ती त्यांनीच बसवून घेतली होती.

पण आतला आवाज काही मरत नव्हता. दिवसभर दाबलेला, तो घशात येऊन बसायचा. त्यांनी नईमला फोन केला. नईम म्हणाला, "टाकून कशाला देता, सुभेदार? जागा बदला त्याची." तेव्हापासून ते रोज सकाळी उसात जात आणि मधल्या सरीत उभे राहून सगळी कवायत घेत. दाहिने मुड, बायें मुड. पहिल्या दिवशी बिबट्या आला समजून पृथ्वीराज काठ्या आणि चार माणसं घेऊन धावत आला. फडात सुभेदार एकटेच सावधानमध्ये उभे. "काय न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले, "ऊस बगायला आल्तो." पृथ्वीराजनं उसाकडं बघितलं. ऊस सरळ उभा होता.

तरीही घसरायचे. कधी फोनवर, कधी क्रिकेट बघताना. आवाज सुटला की ते आपणच तोंडावर हात ठेवत, पण तोवर राणी खाटेखाली गेलेली असे, आणि ते मधल्या खोलीच्या दारात चोरासारखे उभे राहत. मग त्यांनी खाटेपासून थोडं लांब एक पोतं टाकलं आणि दुपारी तिथं पेपर घेऊन बसायला लागले. बोलायचं नाही, बोलवायचं नाही, जिलेबी दाखवायची नाही. पानसुद्धा हलकेच उलटायचं. खाटेखाली खर्र, खर्र चालायचं. कधी जवळून वाटायचं, कधी लांबून.

संयोगिता हे सगळं बघत होती. पण मलकापूरची खोली ठरलेली होती, शाळा ठरलेली होती. राहा, असं तिला म्हणायचं लालासाहेबांच्या ओठावर पुष्कळदा आलं, पण कुठल्या तोंडानं म्हणणार? ज्या तोंडापायी ती निघाली होती, त्याच तोंडानं?

शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी पप्पूचा टेम्पो दारात लागला. संयोगितानं सामान फार घेतलं नव्हतं. दोन ट्रंका, भांडी, राणीचे कपडे, सूप. आणि खाट. खाटेशिवाय राणी नव्या जागी राहिली नसती. पप्पूनं आणि तात्याबानं ती उचलून टेम्पोत चढवली. मधल्या खोलीत खाटेएवढी फरशी तेवढी काळी, न झिजलेली दिसायला लागली. लालासाहेब तिच्याकडं बघत उभे होते.

पप्पूनं टेम्पो मागं घ्यायला सुरुवात केली. त्यानं नवंच एक यंत्र बसवून घेतलं होतं. गाडी मागं घेताना त्यातनं गाणं वाजायचं आणि मधेमधे बाई ओरडायची की गाडी मागं येत आहे. टेम्पो तात्याबाच्या ओट्याला अडला. पुढं जाईना, मागं येईना, आणि ती बाई थांबेना.

अंगणातनं राणी पळत आत आली. मधल्या खोलीत शिरली आणि थबकली. खाट नव्हती. ती त्या काळ्या फरशीवर उभी राहिली, गोल फिरली, परत फिरली. संयोगिता बाहेर टेम्पोच्या मागं. शालूबाई दारात, दोन्ही हातांत डब्यांची चळत. लालासाहेब काही बोलले नाहीत. हातही पुढं केले नाहीत. दिवाळीचं त्यांच्या लक्षात होतं.

राणी त्यांच्याकडं आली. तोंडाकडं बघितलं नाही. तिनं हातांकडंच बघितलं. एक हात धरला, जड होता, दोन्ही हातांनी उचलला. मग दुसरा. आणि ते आपल्या कानांवर नेऊन ठेवले.

शालूबाईंचे हात डब्यांत अडकले होते म्हणूनही ती त्यांच्याकडं आली असेल. लालासाहेबांनी याची चौकशी कधी केली नाही.

त्या हातांत तिचं डोकं बुडाल्यासारखं झालं. कान झाकून गालही झाकले गेले. बोटांखाली तिची शीर उडत होती. बाहेर ती बाई गाडी मागं येत असल्याचं सांगतच होती. लालासाहेबांच्या घशात आवाज चढला. जुना, अख्खा, मैदानाच्या त्या टोकाला पोचणारा. 'पप्पू, बंद कर ते.' चार शब्दांचं काम. सगळी गल्ली गप झाली असती. पण हात तिच्या कानांवर असताना ओरडायचं म्हणजे त्या हातांना काय अर्थ राहिला? त्यांनी आवाज गिळला. उसाच्या फडात तो त्यांना कधी एवढा मोठा लागला नव्हता.

उघड्या दारातून त्यांनी संयोगिताकडं बघितलं. तिनंही बघितलं, आधी त्यांच्याकडं, मग हातांकडं. ती टेम्पोच्या पुढच्या बाजूला गेली, खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली.

आवाज थांबला. एरवी आवाज थांबला की राणी हात सोडायची. आज तिनं सोडले नाहीत.

"पप्पू," संयोगिता म्हणाली, "खाट उतरव."

"आत्ताच चढवली की वैनी."

"उतरव. बाकीचं ऱ्हाऊ दे, तितं शाळा हाय. खाट हितंच ऱ्हाईल. शनवार-ऐतवारला आमी आलो की लागंल. तितं राणीला नईमभाईंची फळी हाय."

पप्पूनं सवयीनं दारातून सुभेदारांकडं बघितलं, हुकमासाठी. लालासाहेबांनी नुसती मान हलवली, तीही अगदी थोडी, हात हलू नयेत म्हणून. डोळ्यांतलं पाणी गालावरून मिशीत उतरत होतं, मिशीला गुदगुल्या होत होत्या, आणि पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.